बिसनच्या मायची पावशी

मोरेश्वर, ती भाजी चिरायची पावशी मी उचलली होती. चिचगडच्या पुढं जंगलात तिथले आदिवासी आपली माणसं जिथं पुरतात तिथून, माझ्या या दोन हातांनी. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, तुला नाही. परवा तुझी तेरवी झाली आणि आज लिहायला बसलो, म्हणजे तू 'काय म्हणतोस बे?' असं विचारायला उरला नाहीस याची नीट खात्री करून घेऊन बसलो. माझी हिंमत एवढीच. पहिल्यापासून एवढीच होती.

आधी तुझ्या शोकसभेचं सांगतो, कारण त्याशिवाय माझा राग मला धड मांडता येणार नाही. वाचनालयाचा हॉल, चाळीसेक माणसं, टेबलावर हार घातलेला तुझा फोटो. आधार कार्डावरचा, मोठा करून आणलेला. अर्ध्या गोंदियाची लग्नं तू काढलीस आणि तुझा स्वतःचा एक धड फोटो घरात निघाला नाही. त्या फोटोत तू पाकीटमारासारखा दिसतोस. तुझ्या दुकानासमोरचा कापडवाला बोलायला उठला. म्हणाला, "मोरेश्वरभाऊने जंग को जुबान दी." म्हणजे गंजाला वाचा दिली. हाच माणूस तू मोटरसायकलवरून उतरलास की गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा, "आ गया कबाडी!" त्याच्यानंतर एक निवृत्त हेडमास्तर. त्यांनी तुला कलासाधक म्हटलं. तू साधना केली असशील तर कुसुमवहिनीची बोलणी या कानानं ऐकून त्या कानानं सोडण्याची. सगळे तोंडभर खोटं बोलून राहिले होते, आणि त्या सगळ्यांचा बाप, म्हणजे मी, दुसऱ्या रांगेत बसून मान डोलवून राहिला होता. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो नाही. लोकांना वाटलं, दोस्ताचा गळा भरून आला. गळा चांगला कोरडा होता.

आता तुझ्याविषयी. तुझ्या त्या फोटोंचा मला तिटकारा होता. जिवंतपणी मी 'ठीक आहे, चांगला आलाय' म्हणत आलो, ते सगळं परत घेतो. नाल्यात रुतलेली बूड गेलेली बादली, कुंपणात खोचलेला तवा, दवनीवाड्याच्या बांधावर पालथी पडलेली सिगडी, सौंदडच्या स्टेशनामागं बाभळीखाली उघडी पडलेली पत्र्याची पेटी. त्यांच्यासमोर तू पोटावर लोळायचास. मानेवर मुंग्या, शर्टाला चिखल आणि तोंडानं अखंड प्रवचन. "गंज ओला असला की बोलते बे." काय बोलते? लोखंड आहे, पावसात राहिलं, सडलं. त्यात ऐकायचं काय? आणि मग नागपूरहून येणारे ते तुझे चाहते, गुडघ्याशी फाटलेल्या पँटी, गळ्यात मफलर, जन्मात कधी राखेनं भांडं घासलं नसेल. "काय टेक्स्चर आहे!" म्हणायचे. तू हरखून जायचास. लग्नातल्या नवऱ्याच्या तोंडाला पावडर लावून जगणारा तू, दोन मफलरवाल्यांनी मान हलवली की स्वतःला ऋषी समजायचास.

माझा धंदा तुला ठाऊक आहे. राईस मिलमध्ये येणारं धान तपासायचं. पोत्यात खोल हात घालायचा, दाणा दाताखाली धरायचा आणि ओलावा सांगायचा. वर भरलेला दाणा आणि आत फोलपट, असली पोती रोज पाहणाऱ्या माणसासमोर कुणी 'वस्तू पाहिली की मला कळते' म्हणू नये. तू दर रविवारी म्हणायचास.

मग मी तुझ्यासोबत जायचो कशाला? मिल बंद पडली होती त्या वर्षापासून जायला लागलो. घरात बसून राहिलो होतो, बायकोशी बोलणं मिठापुरतं उरलं होतं. एका रविवारी तू दारात येऊन म्हणालास, "चल बे सुध्या, थर्माकोल धरायला माणूस पायजे." वस्तूवर उजेड परतवायला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा धरतात, ते काम. मी धरलं, वर्षभर धरलं. मिल सुरू झाली तरी धरत राहिलो. नंतर कधीतरी तुझे जुने फोटो पाहताना लक्षात आलं की माझ्याआधी तू थर्माकोल कधी वापरतच नव्हतास. तो तुकडा तू माझ्यासाठी विकत आणला होतास. वर्षभरात एकदाही विचारलं नाहीस, घरी काय चाललंय, मिलचं काय झालं. नुसता बोलत राहायचास, गंज, कथील, पत्रा, कल्हई. मला न बोलता बसता यावं म्हणून दोघांच्या वाट्याचं तू एकटा बोलायचास. हे मला कळलं होतं. कळलं म्हणून तुझा राग जास्तच यायचा. उपकार करणाऱ्याचं प्रवचन ऐकून घ्यावं लागतं.

आपलं एक भांडण राहूनच गेलं. तुझा नियम होता: वस्तूला हात लावायचा नाही. जिथं जशी सापडली तिथं तशीच. वरचं वाळलं पानसुद्धा काढायचं नाही.

"हलवली की वस्तू खोटी बोलाले लागते," तू म्हणायचास.

"आणि नवरदेवाची मान धरून तू वाकडी करतोस ते?"

"मानसं तसीबी खोटीच बोलतात. त्याईचे पैसे घेतो मी."

"हलवलेली वस्तू तुला ओळखू येईल?"

"झोपेत येईल."

झोपेत! त्या एका शब्दासाठी मी ते केलं. दुसरं काही कारण असतं तर आज ते पुढं केलं असतं. मला तुला आत फोलपट भरलेलं पोतं द्यायचं होतं आणि तू 'भरलेला दाणा' म्हणताना पाहायचं होतं.

पोळा होऊन गेला होता. धान पोटरीला आलेलं, मिलला काम नव्हतं. आपण देवरीवरून चिचगड ओलांडून पार आतल्या एका गावाशी गेलो. त्या गावाच्या बाहेर सागाच्या झाडांमध्ये त्यांची पुरण्याची जागा. दगड उभे केलेले, आणि प्रत्येकापाशी ज्याची त्याची वस्तू. कुणाची छत्री, नुसत्या काड्या उरलेली. कुणाच्या कुऱ्हाडीचं पातं. एक भात शिजवायची जर्मनची गंजी. एका दगडाशी भाजी चिरायची पावशी, पातं गंजून लाल-काळं झालेलं, ओलं. तुझ्या भाषेत सांगायचं तर तोंड उघडून बोलत होती. मला वाटलं, आता हा लोळणार. तू बाहेरच उभा राहिलास, हात जोडलेस आणि कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन लावलीस.

"इथं नाही," एवढंच म्हणालास आणि नाल्याकडे चालू लागलास.

मी म्हटलं, लघवी करून येतो.

पावशी उचलायला जड नव्हती. दोन हातांत पाटासकट उचलली, आडवाटेनं तुझ्याआधी नाल्यावर पोचलो, काठच्या गवतात एका बाजूला कलती ठेवली. हात पँटीला पुसले. मग हाक मारली, "मोऱ्या, इकडे ये बे! पाहा काय पडलंय!" मला आठवतं, हाक मारताना मला हसू आवरत नव्हतं.

तू आलास, पाहिलंस, काही बोलला नाहीस. एवढा वेळ गप्प राहिलेला मी तुला कधी पाहिला नव्हता. मग लोळलास. दोन तास. पातं, पाट, पाटावर पाय ठेवून ठेवून पडलेला तो खळगा. मी थर्माकोल धरून होतो आणि मनात शब्द जुळवत होतो. देवरीला चहा घेताना सांगायचं, असं ठरवलं होतं. म्हणायचं, काय हो झोपेत ओळखणारे? देवरीला तू टपरीवरच्या सगळ्यांना भजी खाऊ घातलीस, ओळखीच्याही आणि अनोळखीही. म्हणालास, "आजचा फोटो आला तर आला, नाही तर कॅमेरा विकतो." मी भजी खाल्ली. सांगितलं नाही. पुढच्या रविवारी जाऊन पावशी जागच्या जागी ठेवू, मग सांगू, असा विचार केला. पुढच्या रविवारी मिलमध्ये पंप बिघडला. त्याच्या पुढच्या रविवारी पाऊस होता. त्याच्या पुढच्या रविवारी मला आठवणच झाली नाही. हे असं लिहिलं की किती किरकोळ वाटतं पाहा.

फोटो आला. नागपूरच्या प्रदर्शनात तो मधल्या भिंतीवर लागला. मफलरवाले त्याच्यासमोर अर्धा अर्धा तास उभे. पेपरच्या पुरवणीत पाऊण पान भरून छापला, खाली तुझं नाव, गाव, आणि तू दिलेलं नाव: 'टाकलेली'. तू तो पेपर दुकानात काचेखाली लावलास. मी पाहिला की मनात म्हणायचो, थांब, एक दिवस सांगतो. इतकी मजा मला आयुष्यात दुसऱ्या कशात आली नसेल. लाज वाटावी अशी मजा होती, पण तेव्हा मजाच वाटली.

मग बिसन आला.

मी दुकानात चहा पीत होतो. पन्नाशीचा माणूस, पायात रबरी चप्पल, हातात प्लास्टिकची पिशवी. खुर्चीवर मी होतो, म्हणून तो पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसला, मागं निळा पडदा.

"फोटो काढाचा आहे का भाऊ?" तू विचारलंस.

"नाई. फोटो त काढून झाला तुमचा." त्यानं पिशवीतून पेपरची घडी काढली, मांडीवर उलगडली. "हे आमच्या मायची पावशी होय. पाट म्याच करून देल्तो, मोडक्या नांगराचा. माय डावखुरी होती. पायाचा खड्डा पाहा कोन्या बाजूनं हाये."

तू पाहिलंस. खड्डा उलट्या बाजूला होता.

"खाली काय लिवलं तुमी? नातनीनं वाचून दाखवलन. टाकलेली." आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं. "आमी टाकलो नाई, भाऊ. मायचं होतं, मायपासी ठेवलो. तुमी साऱ्या जिल्ह्याले सांगून राहिले का आमी मायची वस्तू उकिरड्यावर फेकलो. काऊन असं केलं?"

तू त्या पेपरकडे पाहिलंस. मग वर पाहून माझ्याकडे. एकदाच. मी उठलो आणि कप धुवायला मागं गेलो. मोरेश्वर, त्या दुकानात पंधरा वर्षांत मी कधी कप धुतला नव्हता. नळ सोडला. नळाच्या आवाजातून तुझा आवाज ऐकला.

"चूक माझी आहे भाऊ. मी आणून देतो."

दुसऱ्या दिवशी आपण नाल्यावर गेलो. पावशी नव्हती. नाल्यावर कपडे धुणाऱ्या बाया म्हणाल्या, सायकलवर कबाडी येत असते, पडलेलं लोखंड गोळा करून नेते. मग सुरू झाले ते रविवार. देवरी, आमगाव, गोंदिया, एकेक भंगाराचं दुकान. तू खिशात फोटो घेऊन ढिगाऱ्यावर चढायचास, पत्रे बाजूला करायचास. वस्तूला हात न लावणारा माणूस कोपरापर्यंत गंजात. मी खाली उभा राहून मोडक्या कुलरच्या जाळ्या उचलून धरायचो. आमगावच्या त्या दुकानदारानं शेवटी हात जोडले.

"फोटोवाले भैया, पिछले साल का लोहा ढूंढ रहे हो? वो तो रायपूर में गल के सलिया बन गया होगा. किसी के स्लॅब में सो रहा होगा."

त्याची माणसं हसली. तूही हसल्यासारखं केलंस आणि पुढच्या ढिगाऱ्यावर चढलास. गाडीवर मागं बसून मी दर वेळी एकच वाक्य तयार करायचो आणि दर वेळी दारापाशी उतरून 'येतो बे' म्हणायचो.

बिसनकडे तू तीनदा गेलास. तिन्ही वेळा मी सोबत. त्यानं पाणी दिलं, बसा म्हटलं नाही. शेवटच्या वेळी तू बाजारातून नवी पावशी नेली होतीस, कागदात गुंडाळलेली. मी तुझ्याकडे पाहायचं टाळून जमिनीकडे पाहत होतो.

"नवी घेऊन माय का करल?" बिसन म्हणाला. "तिले त वळखीची पायजे."

त्या पट्ट्यात गोष्ट पसरली. फोटोवाला मेलेल्यांच्या मातीवरच्या वस्तू चोरते. एका गावात तुला पाहून बाईनं अंगणातली बादली आत घेतली. साधी वापरातली बादली. त्यानंतर तू नाल्याकाठी लोळताना दिसला नाहीस. पासपोर्ट, लग्न, बारसं. काचेखालचा पेपर काढून टाकलास. कापडवाल्याला तर निमित्तच पाहिजे होतं. त्याच्या 'कबाडी'ला आता दुसरा अर्थ आला आणि तू मान खाली घालून शटर उघडायला लागलास.

हे सगळं मी पाहिलं. एका वाक्यात थांबवता आलं असतं. भीती कशाची होती? बिसन मारेल याची नाही. तू माझा तिरस्कार करशील याचीही नाही. तू माफ करशील आणि वर थर्माकोलसारखं दुसरं काहीतरी माझ्या हातात देशील, त्याची. तुझ्या चांगुलपणाखाली आणखी एकदा यायचं नव्हतं मला. किती क्षुद्र माणूस आहे, पाहा.

आता तेरवीचं. पंगती उठल्यावर कुसुमवहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. जुन्या लुगड्यात बांधलेली मोठी फ्रेम होती, प्रदर्शनातली.

"हे तुमी घेऊन जा भाऊजी. मले घरात नोको."

"राहू द्या वहिनी. त्याचा सगळ्यात चांगला फोटो आहे."

"चांगला?" त्या म्हणाल्या. "याच्यापायीच घुलला मानूस. मेलेल्या बाईची वस्तू उचलाची काय गरज होती याले? मी बारा वेळा विचारलो. नुसता खाली पाहे. भोगलं त्यानं."

म्हणजे तुझी बायकोसुद्धा तुला चोर समजून राहिली आहे. मी तोंड उघडलं. बाहेरून कुणीतरी विचारलं, पत्रावळी कुठं टाकायच्या. मी म्हटलं, "पाहतो," आणि फ्रेम काखेत घेऊन बाहेर पडलो.

काल सकाळी ती अंगणात उन्हात उभी केली आणि पहिल्यांदा नीट पाहिली. इतक्या वर्षांत मी त्या फोटोकडे माझी चालाकी म्हणूनच पाहत आलो होतो, फोटो म्हणून कधी पाहिलाच नव्हता. पाटाखाली गवत दबलंय. हिरवं, टोकापर्यंत हिरवं, नुकतं मोडलेलं. दोन-तीन काड्या अजून पूर्ण खाली बसलेल्यासुद्धा नाहीत. वस्तू महिनाभर जरी पडून राहिली तरी खालचं गवत पांढरं पडतं, फटीतून नवं वर येतं, हे मला कुणी सांगितलं? तूच, शंभरदा. मी धान तपासणारा, मला नाही दिसलं. तुझं नाक त्या गवतापासून वीतभर अंतरावर होतं. दोन तास.

तुला तिथंच कळलं होतं, मोरेश्वर.

मग त्या दिवशी गप्प का झालास? फोटो चांगला येणार म्हणून? तसं असेल तर तुझा नियम माझ्या पोत्यांइतकाच निघाला, वर दाणा आणि आत फोलपट, आणि दर रविवारी मला ऐकवलेलं प्रवचन तू स्वतः गिळलंस. तुझी लाज वाटते मला. 'टाकलेली' हे नाव देताना हात कसा धजला? उचलून आणलीय हे ठाऊक असताना? कुठून, हे कदाचित तुला कळलं नसेल. पावशी तिथं दगडाशी होती, तू बाहेर उभा होतास, तुझ्या नजरेला पडली नसेल असं मी धरून चालतो. धरून चालायला बरं वाटतं. पण बिसन स्टुलावर बसून 'मायपासी ठेवलो' म्हणाला तेव्हा तुला सगळं एकदम कळलं असणार. म्हणूनच ती नजर. आणि तरी म्हणालास, चूक माझी.

अर्धी तुझी होतीच. ती तू भोगलीस. माझी अर्धीही तूच भोगलीस, आणि मला सोबत नेऊन भोगलीस. दर रविवारी. आधी मला वाटायचं, सोबतीला नेतोस. आता वाटतं, तू माझ्या तोंडाकडे पाहत वाट बघत होतास. ढिगाऱ्यावरून वळून 'तिकडे पाहिलं का बे?' असं विचारायचास, तेव्हा जरा जास्तच थांबायचास. मी म्हणायचो, पाहिलं, नाही. तू परत पत्रे उचलायचास. विचारून टाकलं असतंस तर काय बिघडलं असतं? शिवी दिली असतीस, थोबाडीत मारली असतीस. एवढा बडबड्या माणूस, नेमक्या जागी गप्प बसलास. मला हे तुझं आवडलं नाही. थोर वगैरे तर मुळीच वाटत नाही. दोन माणसं एक गोष्ट ठाऊक असून भंगारात वर्षभर हात घालत फिरली, याला मूर्खपणा म्हणतात.

तरी तुझ्यामागं गाडीवर बसून गेलेले ते रविवार माझ्या आयुष्यातून काढून घ्या असं कुणी म्हणालं तर मी देणार नाही. थर्माकोलचेही नाही आणि भंगाराचेही नाही. पुढं जातो.

हे लिहून मी मोकळा झालो असं समजू नकोस. बिसनला वाचता येत नाही, वहिनी तुझ्या नावाचं काही वाचायला तयार नाहीत. कागदाला सांगणं मला सोपं आहे, म्हणून आधी कागदाला सांगितलं. माझं मलाच हे ओळखू येतं. पावशी परत आणून देणं आता कुणाच्याच हातात नाही. बिसनच्या दारात उभं राहून, आणि तुझ्या घरी वहिनींसमोर उभं राहून, पावशी मोरेश्वरनं नाही, मी उचलली, हे माझ्या तोंडानं सांगणं मात्र माझ्याकडे बाकी आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.